कानाच्या मापाची काठी

मित्रांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे भानगड नको. झाडावरून तोडलेलं लाकूड वाढत नाही. एक केसभरसुद्धा नाही! मी वेळूची काठी आहे, वय वर्षं एक्केचाळीस, आणि ज्या दिवशी मला बेटातून तोडलं त्या दिवसापासून माझं वाढणं बंद आहे. तरीपण मध्ये एक काळ असा आला की अख्खी वाडी म्हणायची, "नानासोंची काठी वाढतीया." माझ्यावर भंडारा उधळला गेला. माझ्यापुढे नारळ फुटले. आणि खरं सांगू? मला ते आवडलं. पुढं त्याची लाजही वाटली. ती सगळी हकिगत तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म म्हसवडच्या पुढच्या एका वाडीत, ओढ्याकाठच्या बेटात झाला. वेळू दोन जातीचे असतात. एक आतून पोकळ, त्याच्या टोपल्या होतात. दुसरा भरीव. मी भरीव! मला तोडलं ते नानासोंनी. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या आणि लग्नाला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. त्यांनी मला विस्तवावर शेकून सरळ केलं, करडईचं तेल पाजलं, महिनाभर सावलीत वाळवलं. खाली दगडाने झिजू नये म्हणून लोखंडाचं टोपण ठोकलं, त्याला शेंबी म्हणतात. मग नव्या नवरीला, म्हणजे धोंडुबाईला, अंगणात उभं केलं.

मेंढरामागं जाणाऱ्या माणसाची काठी त्याच्या स्वतःच्या मापाची असते. बाजारातून उचलली आणि चालू पडला, असं नाही. काठी कानाला लागली पाहिजे. कानाच्या वर गेली तर झुडपात अडकते, खाली राहिली तर टेकून उभं राहता येत नाही. नानासोंनी मला धोंडुबाईच्या शेजारी उभं केलं, वरचं टोक तिच्या कानाच्या पाळीला टेकवलं आणि म्हणाले, "बघ, कानात बोलाय लागली!"

"काय म्हणतीया?" धोंडुबाईनं विचारलं.

"म्हणतीया, नवरा लय देखणा मिळालाय."

"खोटं बोलतीया मग. बदलून आणा."

तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला आमच्याकडे हा खेळ ठरलेला. कात्री, कोयता, कुऱ्हाड आणि मी अशी सगळ्यांची पूजा व्हायची, आणि नानासो मला धोंडुबाईच्या कानाशी लावून तोच विनोद करायचे. एकोणचाळीस वर्षं तोच विनोद! आणि एकोणचाळीस वर्षं माझं टोक बरोब्बर तिच्या पाळीवर.

कामाचे दिवस काय वर्णावे! माणदेशातला उघडा माळ, वारा असा की पदर डोक्यावर राहील तर शपथ. मी कोल्हा हाकलला आहे, विंचू मारले आहेत, बोरं पाडली आहेत. ओढ्यात रुतलेल्या मेंढीला मला धरून वर काढलं आहे. दुपारी धोंडुबाई माझ्यावर हनुवटी टेकून उभी राहायची आणि माझ्याशी बोलायची. सुनेची तक्रार, मुलाची काळजी, नानासोंच्या घोरण्याचा हिशोब, सगळं मला. मी कुणाला सांगणार नाही याची तिला खात्री होती.

मग तीन वर्षांपूर्वी तिला छातीत गाठ लागली.

सांगलीचा दवाखाना, ऑपरेशन, मग ती सलाइनमधून द्यायची औषधं. डोक्यावरचे केस गेले. धोंडुबाई आरशात बघून म्हणाली, "आमच्या मेंढ्याबी कातरल्यावर अशाच दिसत्यात. येतील परत." आणि आले! आधीपेक्षा कुरळे आले. सांगलीच्या डॉक्टर श्रद्धा मगदूम यांनी सांगितलं, "आजी, कॅन्सर गेला. आता पाच वर्षं रोज एक गोळी. चुकवायची नाही." धोंडुबाईनं एकही चुकवली नाही. सकाळी चहाआधी गोळी, मग जग.

घरी आली तेव्हा सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता तिनं काहीच करायचं नाही. सूनबाई माया तर पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायची नाही. "आत्याबाई, तुमी बसा. तुमी नुसतं बसा." प्रेमाने हो! पण त्या प्रेमात धोंडुबाई उन्हाला पारखी झाली आणि मी खुंटीला लागले. त्यातच शेजारच्या कुणीतरी सांगितलं, कॅन्सर झालेल्यानं दूध घ्यायचं नसतं. ज्या घरात शेळीच्या दुधाचा चहा तीन वेळा होतो, त्या घरात ती कोरा चहा प्यायला लागली. मी खुंटीवर टांगलेली. माझ्या डोक्यावर कोळ्यानं जाळं विणलं. मित्रांनो, भरीव वेळूला सगळं सोसतं, पण रिकामं बसणं सोसत नाही.

त्या वर्षी दसरा आला. मला खाली काढलं, पुसलं, धोंडुबाईच्या कानाला लावलं, आणि नानासोंचा विनोद तोंडातच राहिला. माझं टोक पाळीच्या चांगलं दोन बोटं वर.

"आरं तिच्या!" नानासो म्हणाले. मग त्यांना आठवलं, मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला नवी शेंबी घातली होती. "नवी शेंबी लांब पडली." झालं! शेंबी काढली, करवत घेतली आणि माझी दोन बोटं खालून कापून शेंबी परत ठोकली. दुखलं का? नाही. राग मात्र आला. शेंबी जुन्या मापाचीच होती, मला विचारलं असतं तर सांगितलं असतं! कापलेला तुकडा त्यांनी देवाच्या कोनाड्यात ठेवला. आपल्या हातचं लाकूड टाकून द्यायचा त्यांचा स्वभाव नाही.

पुढच्या दसऱ्याला मी परत एक बोट वर!

आता मात्र नानासोंनी दोन्ही हात जोडले. "जित्ती हाय!" ते ओरडले. "गेल्या साली दोन बोटं कापली, औंदा परत वाढली. माझ्या हातची काठी जित्ती हाय!"

बघता बघता बातमी वाडीभर झाली. संध्याकाळपर्यंत आमच्या ओसरीवर ही गर्दी! कुणी माझ्या पाया पडतंय, कुणी भंडारा लावतंय. साळूबाई नावाच्या एका म्हातारीनं तर मला विचारलं, "माझ्या नातवाचं लगीन कवा व्हईल?" मी काय बोलणार? मी पिवळीधमक होऊन उभी. खुंटीवरच्या जाळ्यानंतर एकदम देव्हाऱ्याशेजारी जागा! फुगून गेले मी. वाढले नाही, फुगले.

पण गर्दी गेली की धोंडुबाई माझ्याजवळ यायची. उठताना मला दोन्ही हातांनी धरायची आणि ओठ असे घट्ट मिटायची की मला सगळं कळायचं. एके दुपारी घरात कुणी नव्हतं. तिनं माझ्यावर हनुवटी टेकवली, पहिल्यासारखी, आणि हळूच म्हणाली, "गणपतीत कोकरू उचललं बघ. पाठीत काड्कन वाजलं. तवापासनं दुखतंय. त्यो परत आलाय गं. हाडात शिरलाय. आता मी न्हाई जायाची सांगलीला. परत केस घालवायचं, परत ते सलाइन... न्हाई. कुणाला सांगू नको."

मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपल्याला तोंड हवं होतं. माझ्या अंगावर भंडाऱ्याचा थर आणि पोटात हे गुपित!

तोंड देवानं दिलं होतं ते समीक्षाला. धोंडुबाईची नात, नववीत, आणि तोंड असं की शाळेत बाई म्हणायच्या, "समीक्षा, श्वास घे." तिला माझ्यात देव दिसला नाही, तिला विज्ञान प्रदर्शनाचं पहिलं बक्षीस दिसलं. "आजोबा, वाढणारी काठी! तालुक्याच्या पोरांनी कुणी बघितली नसंल. पण पुरावा पायजे." तिनं आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि दर रविवारी सकाळी मला मोजायचा सपाटा लावला. कोळशानं भिंतीवर लिहायची.

पहिला रविवार: एकशे साडेचौतीस सेंटिमीटर. दुसरा रविवार: एकशे साडेचौतीस. तिसऱ्याला तिनं टेपच बदलून आणली. एकशे साडेचौतीस. चौथ्या रविवारी दिवाळीची सुट्टी लागली होती. तिनं मला मोजलं आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, काठी वाढतच न्हाई."

"रविवारी न्हाई वाढत ती. देवाचा वार हाय," नानासो म्हणाले.

"मग सोमवारी मोजते. पण गेल्या साली तुमी कापली तवा कानाला बराबर हुती न्हवं?"

"अगदी बराबर. कान धरून माप घेतलंय मी."

समीक्षानं माझ्याकडं बघितलं. मग आज्जीकडं. ती उठून आज्जीच्या शेजारी मला लावून उभी राहिली. माझं टोक पाळीच्या वर. "काठी तेवढीच हाय," ती सावकाश म्हणाली. तिच्या आयुष्यात ती पहिल्यांदाच सावकाश बोलत असावी. "मग आज्जीचा कान कुठं गेला?"

नानासोंनी वाकून माझं टोक आणि धोंडुबाईचा कान परत बघितला.

"आज्जे, तू बुटकी झालीयास. सरळ उभी ऱ्हा बरं."

धोंडुबाई सरळ व्हायला गेली आणि तिच्या तोंडून "आई गं" बाहेर पडलं. दीड-दोन महिने घट्ट मिटलेलं तोंड उघडलं. मग सगळंच बाहेर आलं. कोकरू, काड्कन वाजलेली पाठ आणि ती भीती. माया चुलीपाशी उभ्याउभ्या रडायला लागली. नानासो खाली बसले. त्यांनी कोनाड्यातून माझा तो दोन बोटांचा तुकडा काढला, बंडीच्या खिशात टाकला आणि म्हणाले, "सकाळच्या गाडीनं सांगली."

"मी न्हाई जायाची," धोंडुबाई म्हणाली.

"तुला कोण इचारतंय? काठी चाललीया. तिला धरायला कोन तरी पायजे का न्हाई?"

अशी मी सांगलीला गेले. एसटीत कंडक्टर म्हणाला, "आजोबा, काठी उभी धरा, लोकांचं डोळं काढताय." नानासोंनी ऐटीत सांगितलं, "साधीसुधी काठी न्हाई ही." समीक्षानं त्यांना कोपर मारलं.

डॉक्टर श्रद्धा मॅडम मूळच्या सांगलीजवळच्याच, जैन घरातल्या, बारीक चणीच्या आणि हसऱ्या. पण दारात पन्नास पेशंट असल्यामुळे त्यांचं हसू नेहमी घाईत असतं. "काय आजी, तारखेच्या आधीच? रिपोर्ट तर मागच्या वेळी उत्तम होते." धोंडुबाई जमिनीकडे बघत राहिली. मग समीक्षानं मला टेबलाला टेकवलं, आजोबांच्या खिशातला तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि एका श्वासात सगळं सांगितलं. दसरा, कान, शेंबी, भंडारा, चार रविवार. मॅडमचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी फाइल ओढली.

फाइलमध्ये धोंडुबाईची उंची होती. पहिल्या पानावर एकशे बावन्न. दुसऱ्या पानावर एकशे बावन्न. सातही पानांवर एकशे बावन्न.

"सिस्टर, यांची उंची कधी मोजली होती?"

"पहिल्यांदा आल्या तेव्हा, मॅडम. मग दर वेळी मागच्या पानावरनं उतरवतो. मोठ्या माणसांची उंची कुठं बदलती?"

मॅडम स्वतः उठल्या. धोंडुबाईला चपला काढायला लावून भिंतीशी उभं केलं. एकशे सत्तेचाळीस. पाच सेंटिमीटर कमी, म्हणजे तीन बोटं! मॅडमनी तो तुकडा उचलला, वर आणखी एक बोट लावून बघितलं आणि खुर्चीत बसल्या.

"आजी, पाठ दुखते हे मला का नाही सांगितलंत?"

"तुमी गाठीचं इचारलं, भुकेचं इचारलं. पाठीचं इचारलंच न्हाई." धोंडुबाई थांबली. "आन मी बी सांगिटलं न्हाई. भ्या वाटलं."

"बरोबर आहे. मी विचारलं नाही," मॅडम म्हणाल्या. "गोळी सुरू केली तेव्हाच मी तुमच्या हाडांची तपासणी करून घ्यायला हवी होती. ती राहिली. चूक माझी."

मित्रांनो, एवढ्या मोठ्या डॉक्टरनं एका मेंढरामागच्या बाईला असं सांगितलेलं मी या कानांनी ऐकलं. म्हणजे मला कान नाहीत, पण मी कानाच्या मापाची आहे!

मग मॅडमनी मला आडवं हातात धरलं. माझ्या एका पेरावर बोट ठेवलं. "आजी, पाठीचा कणा म्हणजे अशी एकावर एक पेरं. त्यांना मणके म्हणतात. तुमची काठी भरीव आहे. पण ही जी गोळी कॅन्सरला उपाशी ठेवते ना, ती हाडांचंही थोडं थोडं खाते. आतून पोकळ करते. बाहेरून काही कळत नाही. मग एक दिवस कोकरू उचललं की पेर दबतं. माणूस बोटभर खाली येतो. त्यात तुम्ही ऊन सोडलं, चालणं सोडलं..."

"दूध बी सोडलंय," समीक्षानं चुगली केली.

"कुणी सांगितलं दूध सोडायला?"

"शेजारणीनं," धोंडुबाई पुटपुटली.

"शेजारीण कुठल्या कॉलेजात शिकली?"

धोंडुबाईला हसू आलं. पण लगेच तिनं माझ्या टोकाला घट्ट धरलं. "मॅडम, खरं सांगा. त्यो परत आला न्हाई न्हवं?"

"ते तपासल्याशिवाय मी सांगणार नाही. दुखणं दोन्हींमुळं असू शकतं. सगळ्या हाडांचा स्कॅन करू, पाठीचे फोटो काढू, आणि हाडं किती भरीव आहेत तेही मोजू. आठ दिवसांनी या."

ते आठ दिवस! आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. समीक्षासुद्धा नाही. कुणीतरी नारळ घेऊन आलं तर नानासोंनी दारातनंच परत पाठवलं. "काठीला बरं न्हाई," म्हणाले. माझ्या अंगावरचा भंडारा त्यांनी ओल्या फडक्यानं पुसून काढला. मला वाईट वाटलं नाही. हलकं वाटलं.

आठव्या दिवशी मॅडम आम्हाला बघून दारापर्यंत आल्या. पन्नास पेशंट ताटकळत ठेवून! "आजी, कॅन्सर नाही! कुठेच नाही. दोन मणके दबलेत आणि हाडं ठिसूळ झालीत. याच्यावर उपाय आहे."

नानासोंनी डोळ्याला उपरणं लावलं. धोंडुबाईनं माझ्यावर हनुवटी टेकवली. मग तिनं विचारलं, "मग ती गोळी टाकून देऊ का?"

"अजिबात नाही! गोळी कॅन्सरला दारात उभं करत नाही. ती चालूच राहील. हाडांसाठी वेगळं औषध देऊ. सहा महिन्यांनी एक इंजेक्शन, पण त्याच्या आधी दात तपासून घ्यायचे. शिवाय कॅल्शियमच्या आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या. दूध, नाचणी, सकाळचं ऊन. वाकून ओझं उचलायचं नाही, कोकरूसुद्धा नाही. दुखणं कमी झालं की सांगेन तसं चालायला लागायचं."

"चालायचं? आमची सून म्हणती बसा."

"सुनेला सांगा, बसून हाड झिजतं. काठी घेऊन चालायचं. रोज."

धोंडुबाईचा चेहरा असा फुलला की काय सांगू! "मेंढरामागं?"

"मेंढरं हळू चालणार असतील तर," मॅडम म्हणाल्या.

परतीच्या गाडीत नानासो मला उभी धरून बसले होते. तासगाव मागं पडल्यावर म्हणाले, "म्हंजे काठी न्हाईच वाढली?"

"न्हाई," समीक्षा म्हणाली.

"आता मी वाडीत काय सांगू?"

"सांगा की, बायको ल्हान झाली," धोंडुबाई म्हणाली. "तुमास्नी तरणी बायको पायजे हुती न्हवं?"

सगळी एसटी हसली.

माझा दोन बोटांचा तुकडा परत आला नाही. मॅडमनी तो मागून घेतला. आता तो सांगलीत त्यांच्या टेबलावर नोकरीला आहे! नवीन पेशंटला ही गोळी सुरू करताना मॅडम तो हातात देतात आणि पाठीचं, पडण्याचं, उंचीचं विचारतात. तपासणीच्या खोलीच्या दारात भिंतीवर पट्टी रंगवली आहे. आता मागच्या पानावरून उंची उतरवत नाहीत, दर वेळी चपला काढून मोजतात. समीक्षाला वाढणाऱ्या काठीचं बक्षीस मिळालं नाही, कारण काठी वाढली नव्हती. मग तिनं न वाढलेल्या काठीचा तक्ता केला आणि तालुक्याच्या प्रदर्शनात दुसरी आली. पहिला नंबर कुणाच्या तरी ज्वालामुखीचा आला, त्याबद्दल तिच्यापुढे अजून कुणी काही बोलत नाही.

आणि मी? मी खुंटीवरून उतरले ती उतरलेच. सुरुवातीला अंगणापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, आता माळावर. नानासो कोकरं उचलतात, धोंडुबाई हुकूम सोडते. माया दुधाचा पेला घेऊन मागे लागते. दुखणं अधूनमधून डोकं वर काढतं, पण आता धोंडुबाई ते मला एकटीला सांगत नाही, सगळ्यांना ओरडून सांगते.

यंदाचा दसरा झाला. पूजा झाली. नानासोंनी मला पुसलं, शेजारी करवत ठेवली, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे. धोंडुबाई भिंतीशी सरळ उभी राहिली. नानासोंनी माझं टोक तिच्या कानाशी आणलं. वाकून बघितलं. चष्मा लावून परत बघितलं.

मागच्या दसऱ्याला होते तेवढीच वर. केसभर जास्त नाही!

"थांबली!" समीक्षा किंचाळली. "आज्जे, तू थांबलीस!"

नानासोंनी करवत आत नेऊन ठेवली. "न्हाई कापायची," म्हणाले. "ऱ्हाऊ दे ते बोटभर. ध्यानात ऱ्हाईल." मग त्यांनी घसा खाकरला. "बघ, कानात बोलाय लागली."

"काय म्हणतीया?"

"म्हणतीया..." एवढंच म्हणून ते थांबले. धोंडुबाईनंच त्यांचा मान राखला. "नवरा लय देखणा हाय म्हणतीया. औंदा खरं बोलतीया."

मित्रांनो, मला आता भंडारा नको आणि नारळही नको. एवढंच करा. तुमच्या घरात कुणी कॅन्सरमधून उठलं असेल, तर त्यांना नुसतं बसवून ठेवू नका. पाठ दुखते का विचारा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर परत विचारा. डॉक्टरांकडे गेलात की हाडांचं विचारा, त्यांनी विचारलं नाही तर तुम्ही विचारा. आणि एखाद्या सणाला त्यांना भिंतीशी उभं करून एक रेघ मारून ठेवा. लहान मुलांच्या रेघा वर जाताना सगळेच बघतात. मोठ्यांची रेघ खाली आली तर बघणारं कुणीतरी हवं.

मी वेळूची काठी, वय वर्षं एक्केचाळीस. मी वाढत नाही. म्हणून तर माझ्याशी माणूस मोजता येतो.